लुतीची बखर

नरकचतुर्दशीची पहाट. परसात बंब पेटलेला, पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल आणि ताटलीत उटणे. घरातले एकेक माणूस पाटावर येऊन बसते, आईच्या हातून अंगात तेल जिरवून घेते आणि कुडकुडत न्हाणीकडे पळते. या साऱ्या गडबडीत पायरीवर बसलेला आमचा मोत्या मागचा पाय उचलून मानेखाली एकसारखा खर्र-खर्र नाद करीत असतो. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हा नाद एवढा वाढला होता, की आकाशवाणीवरच्या सनईच्या आधी तोच कानी पडे.

आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. कुत्र्याच्या वाट्याला दिवाळीत काही नाही. नेपाळात मात्र याच चतुर्दशीच्या सुमारास ‘कुकुर तिहार’ नावाचा सण असतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. हे मी त्या दिवाळीत मुलांना वाचून दाखविले आणि सहज मोत्याकडे पाहिले. टिळा लावायचा म्हटले, तरी त्याच्या कपाळावर धड केस उरले नव्हते.

मी शाळामास्तर माणूस. वर्गात इतिहास शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहास म्हटला, की राजे, लढाया आणि तहनामे, असा माझाही समज होता. परंतु खाजेलाही इतिहास आहे, आणि तो एखाद्या राज्याच्या इतिहासाइतकाच चुकांनी, मत्सराने आणि उशिरा उमजलेल्या शहाणपणाने भरलेला आहे, हे मला या कुत्र्यामुळे कळले. वाचकहो, ती बखर आज तुमच्यापुढे ठेवतो.

मोत्या कारवानी जातीचा. आमच्या लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात जानवळ नावाचे गाव आहे. या गावाचे कारवानी कुत्रे दूरदूर प्रसिद्ध आहेत. लांब तोंड, खोल छाती, पोटाशी आत गेलेली कंबर आणि वाऱ्याशी पैज लावणारे पाय. कारवानांबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, हे कुत्रे वायव्येकडून दख्खनेत आले, असे परंपरेने सांगतात. ज्याच्या कानाशेपटीवर रेशमासारखे केस असतात त्याला ‘पश्मी’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘पश्म’, म्हणजे लोकर, यावरून आलेला. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, उंट, गाढवे आणि लाल कंधारी बैल यांच्याबरोबर असे कुत्रेही मिरवायला येतात. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. त्याच जिल्ह्यात माहूरगडावर दत्तशिखर आहे, आणि दत्तात्रेयाच्या भोवती तर चार कुत्रे. ते चार वेद, असे भाविक मानतात. एवढा देवाचा शेजार लाभलेले जनावर आमच्या दारी आले, तेव्हा देणाऱ्याने बजावले होते, “गुरुजी, पळण्यात याचा हात धरणारं कुणी न्हाई, पर कातडं पातळ हाय. लेकरासारखं जपावं लागतंय.”

जपण्यात आम्ही कमी पडलो. पहिला पावसाळा सरता सरता मोत्या खाजवू लागला. आधी कानांच्या कडा, मग कोपरे, मग पोट. केस झडले, कातडी जाड आणि राखाडी झाली, तिच्यावर खपल्या धरल्या. रात्री सारे घर निजले, की ओसरीवरून त्याच्या पायाचा फरशीवरचा ठोका ऐकू यायचा. गावाने एका शब्दात निदान केले. लूत.

खेड्यात औषध सांगणाऱ्यांना तोटा नसतो. एकाने कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने न्हाऊ घालायला सांगितले, दुसऱ्याने करंजाच्या तेलात गंधक खलून लावायला सांगितले. या दोन्ही सल्ल्यांची परंपरा थोर आहे. चरकसंहितेत खाज घालविणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गटच दिला आहे. त्याला ‘कंडूघ्न’ म्हटले आहे, आणि त्यात चंदन, बहावा, कुडा, मोहरी, दारुहळद यांच्या जोडीला करंज आणि निंब हे दोघेही आहेत. गंधकाचा लेप तर जगभर, शतकानुशतके, माणसांच्या आणि जनावरांच्या खरजेवर लावीत आले आहेत. पशूंच्या खाजेची चिंता फार जुनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या केटोने शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात मेंढ्यांच्या खरजेवर ऑलिव्हच्या तेलाचा गाळ आणि दारूचा गाळ कालवून लावावा, असा उपाय आहे.

आपल्याकडे हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे आणि घोड्यांसाठी शालिहोत्राचे शास्त्र. कुत्र्याच्या नावाने तेवढा गाजलेला वैद्यकग्रंथ मात्र नाही. नाही म्हणायला, कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, आणि त्यात राजाच्या विनोदांमध्ये ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांवर एक स्वतंत्र प्रकरण घातले. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आमच्या निलंगा-उदगीरच्या शेजारचेच. तेव्हा आमच्या या मुलखात नऊशे वर्षांपूर्वी राजाने कुत्र्यांवर लेखणी चालविली होती, याचा मला अभिमान वाटतो. परंतु तो कुत्रा राजाच्या शिकारीचा. दाराशी बसून खाजविणाऱ्या कुत्र्यासाठी गावाचे शास्त्र वेगळेच होते.

ते शास्त्र मला पारावर ऐकायला मिळाले. “काय करूलालाव, गुरुजी? पाला-बिला सोडा. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावा. तीन दिसांत नवं कातडं येतंय.” मी शिकलेला माणूस. तरी रात्रभर तो ठोका ऐकून माझी बुद्धी गहाण पडली होती. मी डबाभर काळे तेल आणले आणि मोत्याला खांबाला बांधून नखशिखांत माखले. तो ओरडला नाही. नुसता थरथरत उभा राहिला. रात्री त्याने अंग चाटले आणि पहाटेपर्यंत ओकत राहिला. दुसऱ्या दिवशी पोटाखालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. त्या तेलात यंत्रातल्या धातूंचे अंश आणि नाना विषारी द्रव्ये असतात, ती कातडीतून आणि जिभेवाटे पोटात जातात, हे मी नंतर वाचले. महाभारताचा आरंभच एका निरपराध कुत्र्याला मारण्याने होतो. जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पोराला यज्ञमंडपातून बडवून काढले, आणि त्या आईने राजाला शाप दिला. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! त्या सकाळी मोत्याच्या अंगावरचे तेल साबणाने धुताना ती मला नव्याने आठवली.

एवढ्यावर संपते तर बरे. आठ दिवसांत आईच्या हातांवर आणि पोटावर बारीक लाल पुरळ उठले. मोत्या तिच्या मांडीशी निजायचा. धाकट्या मुलाच्या दंडावरही तसेच दिसले. आईने मला बोलाविले आणि हात पुढे केला. “बघ, त्याचं आता माझ्या अंगाला लागलंय. घरात लेकरं हाईत. त्याला लांब कुठंतरी सोडून ये.”

‘सोडून ये’ हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. आमचे मूळ गाव कंधार तालुक्यातले. मी दहा वर्षांचा असताना आमच्याकडे राजा नावाचे गावठी कुत्रे होते. त्यालाही लूत लागली. एके सकाळी वडिलांनी त्याला पोत्यात घातले, मला बरोबर घेतले आणि मन्याड नदीच्या पलीकडे नेऊन सोडले. परतताना मी मागे वळून पाहू नये म्हणून त्यांनी माझे बोट घट्ट धरले होते. वडील कठोर नव्हते. घरात लहान बहीण होती, औषध ठाऊक नव्हते, आणि गावात सारे तेच करीत. राजा परत आला नाही. नदीला पाणी कमी होते, तरी आला नाही, हे मला बरीच वर्षे टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी नामदेवांची गोष्ट सांगत होतो. संत नामदेवांचे नर्सी हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. कुत्र्याने कोरडी पोळी पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. गोष्ट रंगात आली असताना मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या मोत्याला सोडणार हाव म्हणं?” वर्गात कोणी हसले नाही. मला मात्र तास संपेपर्यंत पुढे बोलवेना.

संध्याकाळी मी मोत्याला मोटारसायकलवर पुढ्यात घेतले आणि पशुवैद्याकडे निघालो. आपल्या इलाख्यात मुंबईला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १८८६ मध्ये. मराठवाड्यात परभणीला ते १९७२ मध्ये आले आणि आमच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, १९८७ मध्ये. म्हणजे राजाला नदीपार सोडले, त्या वेळी उदगीरचे महाविद्यालय नुकते कुठे उभे राहत होते. माझ्या वडिलांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोत्याच्या कोपराची कातडी पात्याने खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही दिसले नाही. मी निराश झालो. ते म्हणाले, “दिसला नाही म्हणजे नाही, असं नसतं. हा किडा लपण्यात पटाईत आहे.” मग त्यांनी मोत्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हळूच चोळली. त्याबरोबर मोत्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. डॉक्टर माझ्याकडे वळले. “घरात कुणाला खाज सुटलीय का?”

मी चाचरत आईच्या हातांची हकीकत सांगितली. वाटले, आता हेही म्हणणार, सोडून द्या. ते म्हणाले, “मग हाच पुरावा. आजींनी निदान केलं म्हणा ना. कुत्र्याच्या अंगावरचा हा किडा माणसाला चावतो, पण माणसाच्या अंगावर त्याचा संसार थाटत नाही. कुत्रा बरा झाला, की तुमच्या घरच्यांचं पुरळ बहुधा आपोआप जाईल. नाही गेलं, तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा.”

ज्या पुराव्यावर मोत्याला हद्दपारीची शिक्षा होणार होती, तोच त्याच्या सुटकेचा ठरला! घरी येऊन मी खाजेचा इतिहास धुंडाळू लागलो, आणि मौज अशी, की तिथेही मला आईसारख्याच बायका भेटल्या.

इटलीत लिव्होर्नो बंदरात बोनोमो नावाचा वैद्य आणि चेस्तोनी नावाचा औषधविक्या, असे दोघे मित्र होते. गरीब बाया आपल्या खरजुल्या पोरांच्या अंगातून टाचणीने काहीतरी काढून नखावर चिरडतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तो कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो चालणारा जीव निघाला. १६८७ मध्ये बोनोमोने ही हकीकत पत्ररूपाने छापली. खाज होते ती शरीरातले रस बिघडल्याने, असे मानण्याचा तो काळ. रोममध्ये पोपच्या वैद्यानेच विरोध केला. बोनोमो गप्प बसला आणि बायांचे ज्ञान पुन्हा बायांपाशीच राहिले.

पुढे १८१२ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या गालेस नावाच्या औषधविक्याने खरजेचा किडा सापडल्याचे जाहीर केले. वाहवा झाली. पण तसा किडा दुसऱ्या कोणाला सापडेना. अखेर रास्पाय नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की गालेसच्या चित्रातला किडा जुन्या चीजवर पडतो तो आहे! मग तर असा किडा मुळी नाहीच, असे मोठमोठे वैद्य म्हणू लागले. १८३४ च्या ऑगस्टमध्ये रेनुच्ची नावाच्या एका विद्यार्थ्याने त्याच रुग्णालयात सर्वांदेखत सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखविला. हा पोरगा कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायकांना हेच काम करताना त्याने लहानपणी पाहिले होते. वैद्य मंडळी पाण्याने भरलेल्या फोडात किडा शोधीत होती. बायकांना ठाऊक होते, की तो फोडात नसतो. कातडीत पोखरलेल्या बारीक बोगद्याच्या टोकाशी दडून असतो.

आता आमच्या शब्दाकडे येतो. या किड्याला आठ पाय असतात. प्राणिशास्त्रात तो गोचिडाचा सख्खा आणि कोळ्याचा चुलत भाऊ. संस्कृतात कोळ्याला म्हणतात ‘लूता’. सुश्रुतसंहितेत लूतांच्या विषाने कातडीवर उठणाऱ्या विकारांचे लांबलचक वर्णन आहे, आणि अंगावर पुरळ उठले, की “कोळी मुतला” असे आमच्याकडे आजही म्हणतात. आपली ‘लूत’ ही त्याच लूतेची लेक दिसते. सूक्ष्मदर्शक नसलेल्या त्या लोकांनी हा अष्टपाद किडा पाहिला होता, असा दावा मी करणार नाही. शब्द असा नेमका जागी बसावा, हा योगायोगच म्हणायचा. परंतु सारा गाव हा शब्द उच्चारीत होता आणि अर्थ कोणी विचारीत नव्हते, मीही नाही, याची मास्तर म्हणून मला लाज वाटली.

मोत्याला औषध सुरू झाले. या औषधांचाही इतिहास आहे. एके काळी गॅमेक्झिनची भुकटी सर्रास चोळीत. त्या जातीच्या विषावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. १९७० च्या दशकात जपानच्या सातोशी ओमुरा यांनी तिथल्या मातीतून एक जीवाणू वेगळा केला. त्यातून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे औषध सिद्ध केले, आणि या दोघांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. औषध गुणी खरे. पण बैलासाठी आणलेली बाटली अंदाजाने कुत्र्याला टोचणारे महाभाग असतात. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना तर ते जिवावर बेतते. म्हणून औषध कोणते आणि किती, हे कुत्र्याचे वजन आणि जात पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे. मोत्याला त्यांनी नव्या तऱ्हेची, चघळायची गोळी दिली. अंथरूण उकळत्या पाण्यात धुतले, आणि शेजारच्या ज्या कुत्र्याशी तो खेळे, त्यालाही औषध दिले. दीड महिन्याने ठोका थांबला. कपाळावर लव उगवली. आईच्या हातांवरचे पुरळ त्याआधीच गेले होते.

कादंबरी असती, तर मी इथे ‘समाप्त’ लिहिले असते. पुढच्या श्रावणात मोत्या पुन्हा खाजवू लागला! या वेळी कानांच्या कडा चांगल्या होत्या. तो पंजे चाटी आणि काखा व पोट खाजवी. घरात कोणालाही पुरळ नव्हते. डॉक्टर म्हणाले, “ही लूत नव्हे. ही अ‍ॅलर्जी.” हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के नावाच्या डॉक्टरांनी १९०६ मध्ये घडविला. माणसाप्रमाणे कुत्र्यालाही परागकणांचे वावडे असते, अशी नोंद वैद्यकात १९४१ मध्ये झाली. धूळ, पराग, पिसवेची लाळ, कधी एखादे अन्न, यांपैकी काय बाधते ते चिकाटीने शोधावे लागते. आमच्या शिवारात गाजरगवत माजले आहे. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे गवत माणसाच्या कातडीला छळते, हे सर्वांना ठाऊक आहे. मोत्याचा शत्रू तोच, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण आता त्याला त्या बांधाने नेत नाही.

ही खाज बहुधा जन्माची सोबतीण. कॉर्टिसोनच्या शोधाला १९५० चे नोबेल मिळाले, आणि त्या कुळातल्या गोळ्या खाज झटपट शमवितात; पण त्यांनी कुत्र्याची तहान-भूक वाढते आणि फार काळ दिल्या तर शरीर पोखरते. म्हणून मी एक शंभर पानी वही घातली आहे. आज कुठे खाजविले, कुठे फिरला, काय खाल्ले, पाऊस होता की ऊन. फिरून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करायचे, पिसवांचे औषध बाराही महिने चुकवायचे नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या साबणाने न्हाऊ घालायचे, आणि अगदी असह्य झाले तरच गोळी, तीही विचारून. वही मी सुरू केली. परंतु तिच्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदी आईने सांगितलेल्या आहेत. दिवसभर ओसरीवर तीच असते, आणि तिची नजर कॉर्सिकातल्या बायांसारखी आहे.

परवा वही चाळताना मला एक गोष्ट जाणवली. खाजेचा हा सारा इतिहास म्हणजे पाहणाऱ्यांचा आणि न पाहणाऱ्यांचा इतिहास आहे. पोपच्या वैद्याने पाहिले नाही, पॅरिसच्या पंडितांनी भलतीकडे पाहिले, आणि मी तर डोळे मिटून काळे तेल फासले. नदीपार सोडलेल्या राजाकडेही कोणी नीट पाहिले नव्हते. त्याला कदाचित मोत्याचाच रोग असेल, दीड महिन्यात बरा होणारा.

यंदाच्या चतुर्दशीला पाटावरची मंडळी उठली, की मोत्याचा नंबर. तेल-उटणे नाही; त्याच्या कातडीला ते सोसत नाही. कोमट पाणी, त्याचा साबण आणि मग उन्हात बसून कोरडा टॉवेल. नेपाळी रीतीने टिळा लावावा, असा धाकट्याचा हट्ट आहे. आईने बजावले आहे, “कुंकू नगं, खाजंल त्याला.” मग ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “माळ घाल झेंडूची. पर घातली, की वहीत लिहून ठेव.”